खताच्या खड्ड्यापाशी कोण असतं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कामं होतात, सत्कारही होतात, पण दोन्हींची गाठ पडत नाही. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तसाच प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे.

प्रश्न : ताई, घणसोलीत आमची १४४ फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा ५ जूनला, पर्यावरण दिनी, सोसायटीतल्या एका व्यक्तीला 'हरित नेतृत्व' पुरस्कार द्यायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पाच हजार रुपये. कमिटीने तीन नावं काढली आहेत. पहिलं चेअरमनसाहेबांचं, कारण त्यांच्या काळात कंपोस्टचे खड्डे बांधले गेले. दुसरं नाव सौर पॅनेलसाठी वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या रहिवाशाचं. तिसरं दर पावसाळ्यात झाडं लावणाऱ्या एका भगिनींचं. तिघंही चांगली माणसं आहेत, तरी माझं मन भरत नाही. निवड कशी करू?
— सोसायटीची सेक्रेटरी, घणसोली

उत्तर : तुमचं मन का भरत नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. खड्डे 'बांधले गेले' असं तुम्ही लिहिलंय. आज ते कोण चालवतं, याबद्दल पत्रात एक शब्द नाही.

ठाण्यात आमच्या इमारतीत २०१७ साली खड्डे झाले. २०१६च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं, म्हणून घाईघाईने विटांचे चार खड्डे बांधले. पहिले दोन महिने नुसता वास. पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडक्या उघडणं सोडलं. कुणीतरी वास मारायला फिनेल ओतलं, त्याने खत करणारे जिवाणूच मेले. मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. खत कुजायला लागणारं कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) गुणोत्तर मला पाठ होतं, पण त्या खड्ड्यात हात घालायला मी गेले नव्हते.

हात घातला तो झाडलोट करणाऱ्या मावशींनी. त्या जव्हारकडच्या, घरचा उकिरडा लहानपणापासून पाहिलेला. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाची वाळलेली पानं त्यांनी दोन गोणी भरून आणली आणि खड्ड्याशेजारी ठेवली. 'चपाती लाटताना पीठ लावतो ना, तसं प्रत्येक ओल्या थरावर कोरडं टाकायचं,' एवढंच म्हणाल्या. बदामाची पानं मात्र त्यांनी बाजूला काढली, ती चामड्यासारखी असतात आणि चुरल्याशिवाय महिनोन्महिने तशीच राहतात. आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडायचं, दर तीन-चार दिवसांनी फावड्याने खालवर करायचं. मूठभर माल हातात घेऊन आवळायच्या : तळव्याला ओल जाणवली पाहिजे, बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं की आणखी पानं. एकदा खड्ड्यात मळकट पांढऱ्या अळ्या झाल्या आणि सगळे ओरडायला लागले. मावशी म्हणाल्या, 'राहू द्या, त्या खातात.' बरोबर होतं त्यांचं. ती काळ्या सैनिक माशीची अळी असते. खरकटं झपाट्याने फस्त करते आणि माणसाला तिचा काही त्रास नाही. पुढच्या पन्नास दिवसांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास असलेलं खत निघालं.

वर्षभराने सत्कार झाला तो कमिटीचा. शाली कमिटीच्या खांद्यावर पडल्या, मावशी खुर्च्यांमधून चहा फिरवत होत्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, त्याची मला आजही खंत आहे. तीन महिन्यांनी साफसफाईचं कंत्राट बदललं, मावशींना दुसऱ्या इमारतीत पाठवलं गेलं. ताक थांबलं, पानांच्या गोण्या संपल्या. दिवाळीच्या आत खड्ड्यांवर फरशा टाकून वर कुंड्या ठेवल्या. त्या वर्षभरात आमच्यापैकी एकानेही त्यांच्याकडून काही शिकून घेतलं नव्हतं.

म्हणून निवडीआधी एवढं करा. आठवड्यातल्या साध्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, कुणाला न सांगता खड्ड्यापाशी जाऊन उभ्या राहा. तिथे कोण आहे ते बघा. घंटागाडीवरच्या हेल्परला विचारा, तुमच्या कुठल्या विंगचा कचरा वेगळा केलेला येतो आणि कधीपासून. त्याला सगळं ठाऊक असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. वॉचमनला विचारा. मग प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न टाका : हा माणूस महिनाभर गावी गेला तर काम चालू राहील का? इतरांना शिकवून ठेवल्यामुळे चालू राहणार असेल, तर ते खरं नेतृत्व. बंद पडणार असेल, तर त्या माणसाचं काम मोठं आहेच, पण बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला आहे. तेही पुरस्काराच्या दिवशी मोकळेपणाने बोललं पाहिजे.

सौर पॅनेलवाल्या गृहस्थांचे आभार जरूर माना. त्यांचं काम मोजायला सोपं आहे : लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांचं बिल आधी किती युनिटचं होतं आणि आता किती, हे दोन आकडे नोटीस बोर्डावर लावा. झाडं लावणाऱ्या भगिनींना मात्र लावलेल्या झाडांचा आकडा विचारू नका. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली ते विचारा. त्यांना खरंच माया असेल तर त्या बोट दाखवून सांगतील, हे जगलं, ते गाडीने मोडलं, त्या तिथलं वाळवीने गेलं. असं सांगणाऱ्या बाईला मी डोळे झाकून मत देईन.

आणि खड्ड्यापाशी जी व्यक्ती सापडेल ती कंत्राटी कामगार असेल, 'सभासद नाही' म्हणून कुणी आक्षेप घेईल, तर ऐकू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरात गावरान बियाणं जपत आणि इतर बायकांना देत राहिल्या, २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देशाने त्यांना शिक्षण विचारलं नाही, तुमच्या सोसायटीने सभासदत्व विचारू नये. स्वच्छ सर्वेक्षण २०२३मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली, ती अशाच हातांनी कचरा वेगळा केला म्हणून.

शाल नक्की द्या, इतरांना देता तशीच, आणि त्यांना खुर्चीवर बसवून. पाच हजार कंत्राटदारामार्फत नको, थेट त्यांच्या हातात. पण त्याहून गरजेचं म्हणजे गमबूट, हातमोजे, काम झाल्यावर हातपाय धुवायला नळ. कंत्राट बदललं तरी या व्यक्तीला इथेच ठेवावं, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून इतिवृत्तात नावानिशी लिहा. आणि ५ जूनच्या आधी प्रत्येक विंगेतून दोन माणसं त्यांच्याकडे पंधरा दिवस शिकायला पाठवा. मानपत्रात 'पर्यावरणाविषयी तळमळ' वगैरे शब्द नकोत. काय केलं, कुठे केलं, किती महिने केलं, ते लिहा.

प्रश्न : मी वाशीच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, एनएसएसमध्येही (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. खाडीवर कांदळवन सफाईला वर्षातून एकदा दोनशे जण येतात, बॅनर लागतो, फोटो निघतात. आम्ही चौघं मात्र दर महिन्याला जातो. एक कोळी काका आम्हाला वेळ सांगतात. वर्षाअखेरीला सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र मिळालं आणि अहवालात नाव फक्त सरांचं. याचं वाईट वाटणं चूक आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : चूक नाही गं. केलेल्या कामावर आपलं नाव असावं असं वाटण्यात हाव नसते. उद्या विचारणारा आला तर उत्तर द्यायला आपण उभे राहू, असाही त्याचा अर्थ असतो.

एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. तासांनी हजेरी कळते, पण कोण कशासाठी आलं ते कळत नाही. म्हणून तुम्ही चौघं आजपासून एक वही ठेवा. तारीख, ओहोटीची वेळ, कुठल्या भागात गेलात, काय काय निघालं, किती किलो. निर्माल्याच्या पिशव्या किती, थर्माकोल किती, गुटख्याच्या पुड्या किती. वर्षभराने ती वही म्हणजे खाडीच्या त्या तुकड्याचा दाखला होईल. नॅक ही कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिच्या मूल्यमापनात कॉलेजला पर्यावरणाबद्दलचं काम पुराव्यानिशी दाखवावं लागतं, हरित लेखापरीक्षणही त्यातच येतं. तुमची वही हाच तो पुरावा. सरांना ती देताना शांतपणे म्हणा, 'सर, नोंदी करणाऱ्यांची नावं खाली छापाल का?' बहुतेक शिक्षक हो म्हणतात, त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. मीही शिक्षिका होते, माझ्याकडूनही असं सुटलेलं आहे.

दोनशे जणांच्या दिवसाबद्दलही बोला, कारण ते काम तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. कांदळवनातल्या तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीएवढी वर येतात, झाड त्यांतून हवा घेतं. चारशे पावलं त्यांच्यावरून गेली की मुळं मोडतात आणि एका पिशवीभर प्लास्टिकच्या बदल्यात झाड दुबळं होतं. पुढच्या वेळी तीस जणच आत न्या, तेही तुम्ही दाखवाल त्या वाटेने. बाकीचे काठावर वर्गवारी करतील. ठाण्याची खाडी २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२मध्ये ६,५२१ हेक्टरचा पट्टा रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. एवढी मोलाची जागा आहे ती. तिथे कसं चालायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुढे व्हायचं.

आणि काकांचं काय? भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा कितीतरी आत येतं. त्यांनी 'आज नको' म्हटलं नसतं तर तुमच्यापैकी कुणी गुडघाभर चिखलात अडकलं असतं. नावं छापायची मागणी कराल तेव्हा पहिलं नाव त्यांचं घाला. त्यांना कॉलेजात व्याख्याते म्हणून बोलवायला लावा, मानधन देऊन. एका दिवसाचा त्यांचा मासेमारीचा खाडा होतो, हे विसरू नका.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. आमच्या रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्यांना सिमेंट-पेव्हर ब्लॉक लावले की ते जाऊन भांडतात, अर्ज करतात. शेजारी त्यांना भांडखोर म्हणतात. मला त्यांची लाज वाटू नये असं वाटतं, पण वाटते.
— एक मुलगा, नौपाडा, ठाणे

उत्तर : वडिलांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. बुंध्यापर्यंत सिमेंट आलं की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, मग पहिल्या वादळात ते झाड आडवं होतं आणि दोष वाऱ्याला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडेही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली पालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. अर्जाची जागा तीच.

सगळेच पुढारी गोड बोलणारे नसतात. झाडाच्या बाजूने बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, कारण झाड स्वतः बोलत नाही. तुम्ही एवढंच करा : पुढच्या अर्जाच्या वेळी वडिलांबरोबर जा. त्यांच्या पिशवीत अर्जांच्या पोच-पावत्या असतील, त्या तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा, प्रत्येक झाडाचा आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा. मग ती फाइल घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि ज्या बुंध्याभोवतीचं सिमेंट निघालं, त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला आधी दाखवा.