बारावीचे टक्के, सीईटीचं पर्सेंटाइल आणि पसंतीची यादी

पोरी,

बारावीला पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ८२ टक्के आणि सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला ९१ पर्सेंटाइल, दोन्ही मिळून मेरिट नंबर कितवा लागेल, असं तू विचारलंस. दोन्हींची बेरीज होतच नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या राज्य यादीत नंबर लागतो तो एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावी फक्त पात्रतेपुरती: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तुझ्यासारख्या राखीव प्रवर्गातल्यांना ४०. मामा ‘बोर्डाचे मार्क धरतात’ म्हणतात ते खोटं नाही, जुनं आहे. २०१३ ते २०१६ मध्ये जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या रँकला बोर्डाचं वजन ४० टक्के होतं. २०१७ पासून ते काढलं.

तरी तुझ्या धाकट्या भावाला बारावी सोडून देऊ नको म्हणावं. दोघांचं एकूण पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी गणिताचं बघतात, मग फिजिक्सचं, मग केमिस्ट्रीचं, आणि तिथेही बरोबरी झाली तर बारावीचे टक्के काढतात. एनआयटीला, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना, जेईईची रँक कितीही चांगली असली तरी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. त्या ७५ मध्ये भाषेचा पेपरही येतो. क्लासच्या नादात इंग्रजीचं पुस्तक न उघडणारी हुशार मुलं इथे अडकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता पर्सेंटाइल. ९१ म्हणजे तुझ्या शिफ्टमधल्या ९१ टक्के मुलांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी. राज्यात तीन लाख मुलं धरली तर तुझ्यापुढे सुमारे सत्तावीस हजार. सगळेच कॅपला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांना, अर्ज करत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष नंबर थोडा वर येतो. पण ०.१ च्या फरकात तीनशे मुलं बसतात, हे लक्षात घे. दशांशापुढचे सात आकडे उगाच छापत नाहीत.

गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघड. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. रकान्याचा कोड ‘जी’ने सुरू झाला तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ने सुरू झाला तर मुलींची. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी जिच्या हद्दीत केली ती), ‘ओ’ म्हणजे बाहेरची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. तू ‘एल’चे रकाने नीट वाच. आपल्या मुली नुसता ‘जी’चा आकडा बघून घाबरतात आणि चांगलं कॉलेज यादीत लिहीतच नाहीत.

ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीच्या यादीत, कॉलेजांचा क्रम लाव तो मनाचा, कटऑफचा नाही. वाटप तुझ्या पहिल्या पसंतीपासून खाली सरकत जातं आणि तुझ्या नंबरला जिथे जागा असेल तिथे थांबतं. अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं हुकत नाही. उलट ‘हे तरी नक्की मिळेल’ म्हणून साधं कॉलेज पहिलं टाकलंस तर तेच मिळेल, आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती पक्की समजतात, पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी बंद. क्लासवाले यादी तयार करून देतात. ती जशीच्या तशी उतरवू नकोस.

बाबा मॅनेजमेंट कोट्याची (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांची) चौकशी करताहेत असं लिहिलंस. त्यांना आत्ताच थांबव. तू ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. त्यासाठी नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची तारीख तपास, येत्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. नसेल तर उद्या सकाळीच सेतू केंद्रात अर्ज टाक, गर्दीच्या दिवसांत दाखल्याला वेळ लागतो.

आणि यादी लॉक करायच्या आधी मला पाठव. किमान तीस पसंत्या असू देत.

तुझी,
मॅडम