साडीचा पिक्चर

सोलापूर,
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू भेटून गेलास तेव्हा घरात पाहुण्यांची गर्दी होती आणि बोलणे अर्धवटच राहिले. त्यानंतर तुझे सविस्तर पत्र आले आणि सोबत चाळीस चित्रपटांची यादीही आली. ती यादी तू आत्याला दिलीस, मावसभावाला दिलीस आणि वसतिगृहातल्या मित्रांनाही दिलीस. आत्याने वीस मिनिटांत टीव्ही बंद केला, मावसभावाने यादी उघडूनही पाहिली नाही, आणि एका मित्राने 'फँड्री' मध्यावरच सोडून दिला. या तीन घटनांवरून लोकांना चांगले काही नकोच असते, असा निष्कर्ष तू काढला आहेस. तुझ्या वयात मीही तो काढला होता, म्हणून रागावत नाही. पण तो चुकीचा आहे हे मला कसे कळले ते सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एका शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखवत असू. पुण्याला 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले होते आणि तिथून चित्रपट मंडळांना सोळा मिलिमीटरच्या प्रती मिळत. आमच्यापैकी एक जण पत्र्याचे डबे घेऊन रेल्वेने यायचा, दुसऱ्या दिवशी ते परत पोहोचवायचा. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवे लावावे लागत, आणि नवे रीळ अडकवेपर्यंत लोक उठून पाणी पिऊन येत. अशाच एका रविवारी आम्ही 'पथेर पांचाली' लावला. 1955 चा, सत्यजित राय यांचा पहिला चित्रपट. तो मी त्याआधी पुण्यात पाहिलेला होता, त्यामुळे प्रस्तावना मी करणार हे ओघानेच आले. मी पंचवीस मिनिटे बोललो. काशफुलांच्या पांढऱ्या रानातून भाऊ-बहीण रेल्वे पाहायला धावतात तो प्रसंग, त्या धुराच्या रेषेचा अर्थ, खेड्याकडे येणारे आधुनिक जग, असे सगळे मी समजावून सांगितले आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन पहिल्या रांगेत बसलो.

मागच्या रांगेत आमचे शेजारी अण्णा बसले होते. घरी तेलुगू बोलणारे, पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे आणि तरुणपणी हातमागावर साड्या विणलेले. मीच त्यांना आग्रहाने आणले होते. रात्रभर उभे राहून आलेला माणूस. माझ्या प्रस्तावनेतच त्यांचा डोळा लागला. रेल्वेच्या प्रसंगाला मी मुद्दाम मागे वळून पाहिले, तर अण्णांची मान छातीवर टेकलेली. मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा कमीपणाही वाटला.

चित्रपट संपल्यावर खुर्च्या लावता लावता अण्णा म्हणाले, "सर, तुम्ही रेल्वे रेल्वे म्हणत होता. पिक्चर साडीचा आहे की ओ."

चित्रपटाच्या शेवटाकडे बरेच दिवस परगावी गेलेला बाप घरी येतो आणि आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोपुढे ठेवतो. त्यात मुलीसाठी एक साडी असते. पुढे काय होते ते तू अजून पाहिलेले नाहीस, म्हणून सांगत नाही. अण्णा नेमके तिथे जागे झाले होते, आणि ज्याने तरुणपणी स्वतः साड्या विणल्या त्याने तो बाप साडी कशी धरतो, कशी पुढे करतो हे पाहिले होते. त्यांनी मला विचारले, "त्या भटजीला ती साडी किती दिवसांच्या कमाईची पडली असेल?" मला उत्तर आले नाही. प्रत दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेली आणि तो प्रसंग त्या नजरेने पुन्हा पाहायला मला कित्येक वर्षे थांबावे लागले. तेव्हापासून तो चित्रपट माझ्यासाठीही साडीचाच झाला आहे.

तुझ्या यादीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सारे यातच आहे. आपण एखाद्याच्या हाती चित्रपट देतो, पण तो त्यातून काय उचलणार हे आपल्या हाती नसते; ते त्याच्या कामावर, त्याच्या घरावर आणि त्या दिवशी तो किती थकला आहे यावर ठरते. म्हणून चित्रपट सुचवण्याआधी समोरचा माणूस नीट पाहावा लागतो. तुझी यादी मी दोनदा वाचली. तीत चाळीस चित्रपट आहेत, पण आत्या कुठेच नाही.

आत्याचेच उदाहरण घे. ती घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. संध्याकाळी तिचे हात पिठात असतात आणि नजर तव्यावर असते. अशा बाईला तू इराणी चित्रपट दिलास, ज्याची भाषा तिला येत नाही आणि ज्याची सबटायटल्स इंग्रजीत आहेत. ती वीस मिनिटे तरी बसली, हे तिचे तुझ्यावरचे प्रेम समज. आपल्या गावात विडीकाम करणाऱ्या हजारो बाया आहेत. मांडीवर सूप घेऊन, पाने कापत आणि वळत त्या टीव्हीवरचे चित्रपट पाहतात, म्हणजे खरे तर ऐकतात. त्यांना चित्रपटातले संवाद, आवाज, गाणे, कुणाच्या बोलण्यातला खोटेपणा हे सगळे आपल्यापेक्षा बारकाईने कळते, कारण वर मान करून पाहायला त्यांना सवडच नसते. ज्या चित्रपटाचे सगळे सामर्थ्य दृश्यांत आहे तो त्यांच्या हाती देऊन मग त्यांच्या अभिरुचीला नावे ठेवणे हा अन्याय आहे.

आता 'फँड्री'विषयी, आणि इथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. तू लिहिले आहेस की, त्या मित्राला तू म्हणालास, "हा बघच, तुमच्याच लोकांवर आहे." तो मित्र कोणत्या वस्तीतून आला आहे, तिथपासून अभियांत्रिकीच्या वर्गापर्यंत येताना त्याने काय काय झाकून ठेवले आहे, हे तुला ठाऊक होते. चित्रपट 2013 चा, नागराज मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा, आणि मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि गावाने जातीवरून हिणवलेले, डुकरामागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी थांबते, तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कितीतरी वेळ कुणाशी बोलवले नाही. पण माझ्यासाठी ती एक नवी जाणीव होती. तुझ्या मित्रासाठी ती कदाचित सातवीतली एखादी सकाळ असेल. ज्याने ते सोसले आहे त्याला आपण ते पडद्यावर दाखवतो, आणि वर तो कसा पाहतो, रडतो की नाही, याकडे लक्ष ठेवून बसतो. त्याने मध्येच उठून जाणे ही त्या चित्रपटावरची टीका नसून तुझ्या त्या एका वाक्यावरची टीका असावी, असे मला वाटते. तो चित्रपट तू एकट्याने पाहिला असतास आणि पाहून त्याच्याशी आधीपेक्षा थोडे बरे वागला असतास, तर शिफारस करण्याची गरजही उरली नसती. त्याची क्षमा माग, आणि मागताना चित्रपटाचे नाव काढू नकोस.

मावसभावाचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. त्याला चाळीस नावे देऊ नकोस, एकच दे. तो साखर कारखान्याच्या कचेरीत आहे आणि त्याला राजकारणाच्या गप्पा आवडतात, म्हणून मी असतो तर 'सामना' दिला असता. पंढरपूरला जन्मलेल्या जब्बार पटेलांचा तो पहिला चित्रपट, 1974 चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. पण "सहकारावरचे जळजळीत भाष्य" वगैरे म्हणू नकोस, त्याने माणूस आधीच कंटाळतो. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसून बोलतात, ते पाहा, एवढेच सांग. आणि चित्रपट कृष्णधवल आहे हेही आधीच सांग.

उणीव आधी सांगण्याची ही सवय मला उपयोगी पडली आहे. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येत असे. तिला मी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' सुचवला. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये इथेच, सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होते, आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. त्यावरून ती रोज जात होती आणि आत कधी गेली नव्हती. चित्रपट व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. मी तिला स्पष्ट सांगितले की, चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली आहे, ती तुला आज खरी वाटणार नाही, अभिनय नाटकी वाटेल, काही ठिकाणी हसूही येईल. ती हसायच्या तयारीने बसली आणि कुठे हसली, कुठे हसली नाही, हे मला सविस्तर सांगून गेली. मी नुसतीच स्तुती केली असती तर पहिल्या हसण्यालाच तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता.

पाहणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये, हे तुला वेगळे सांगायला नको. माझी त्या रविवारची मागे वळलेली मान आठव. "आता बघ, आता बघ" म्हणणाऱ्या माणसाबरोबर चित्रपट पाहणे म्हणजे वाढणाऱ्याने प्रत्येक घासाला "कसे झाले आहे?" असे विचारण्यासारखे आहे. आणि पाहिलास का म्हणून तगादा लावणेही सोड. माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे, तीत कुणाला काय सुचवले, कधी सुचवले आणि तो काय म्हणाला असे तीन रकाने मी वर्षानुवर्षे आखत आलो. तिसरा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे. पूर्वी तो कोरा रकाना मला टोचायचा. आता वही चाळताना तिथे काहीतरी लिहिलेले दिसले की आश्चर्य वाटते.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मात्र मला कुठेही सापडली नाही, ती म्हणजे तुला कुणी काय सुचवले. अण्णा मला त्या रविवारनंतर कित्येकदा म्हणाले होते की, 'मायाबझार' पाहा. पूर्व भागात तेलुगू चित्रपट नेहमीच लागत आले आहेत. चारच गल्ल्या ओलांडायच्या होत्या. पण पौराणिक चित्रपट, तोही 1957 चा, म्हणून मी ते बोलणे हसण्यावारी नेले. अण्णा वारल्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या मुलाकडे तो अखेर पाहिला. गोष्ट आपल्या वत्सलाहरणाची, म्हणजे अभिमन्यूच्या लग्नाची, फक्त तेलुगूत बलरामाच्या मुलीचे नाव शशिरेखा आहे. अख्ख्या चित्रपटात पांडव एकदाही दिसत नाहीत, आणि त्यांची उणीव भासत नाही. घटोत्कच शशिरेखेचे रूप घेऊन राजवाड्यात शिरतो, तेव्हा सावित्री ही अभिनेत्री त्या नाजूक मुलीच्या अंगात राक्षसाची चाल, त्याची मिशीवर ताव देण्याची सवय आणि त्याचा माज असा काही आणते की, मी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला. मला तेलुगू समजत नाही. अण्णांचा मुलगा मधून मधून अर्थ सांगत होता, आणि पुढे तो सांगायचे विसरला तरी माझे काही अडले नाही. हे अण्णांना सांगायला हवे होते. माझ्या वहीत तेव्हा चौथा रकाना असायला हवा होता, मला कुणी काय सुचवले याचा. तो नव्हता म्हणूनच एवढी वर्षे गेली.

तेव्हा ती यादी सध्या बाजूला ठेव. फाडू नकोस, तीत काही फार चांगली नावे आहेत आणि त्यांतली तीन मीही पाहिलेली नाहीत. त्यांपैकी एक, तुला वाटेल तो, मला पाठव. सबटायटल्सची अक्षरे मोठी असतील तर बरे, माझा मोतीबिंदू अजून काढायचा आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येशील तेव्हा आत्याला विचार की, लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर थिएटरात जाऊन पाहून आली असा कोणता चित्रपट तिला आठवतो. तो मिळवून आण आणि ती भाकऱ्या थापत असताना लाव. तू मात्र तिच्याकडे न पाहता पडद्याकडे पाहा.

आणि त्या मित्राशी पुन्हा बोलणे सुरू झाले की, त्याचा आवडता चित्रपट कोणता ते विचारून मला कळव. तो मारधाडीचा असला तरी चालेल. नाव कळले की मी इथे शोधतो, पाहतो, आणि तुला लिहितो.

तुझा,
सर