कुपीत नेमकं काय आहे?

प्रिय,

तू पाठवलेली छायाचित्रं पाहिली. मॅट्रिजेलवर, म्हणजे पेशी वाढवायच्या प्रथिनांच्या जेलवर, तुझ्या पेशींनी रातोरात विणलेलं ते जाळं, मधाच्या पोळ्यासारखं. पहिल्यांदा दिसतं तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवावासा वाटत नाही. पण तेवढ्यावर ‘या पेशी रक्तवाहिन्या घडवतात’ असं लिहून पेटंटच्या मागे लागू नकोस. वाहिन्यांशी संबंध नसलेल्या पेशीही तसं जाळं विणतात.

मोठ्या माणसात नवी वाहिनी येते ती जुनीला कोंब फुटूनच, असं पूर्वी मानत. १९९७ मध्ये आसाहारा आणि इस्नर यांच्या गटानं रक्तात फिरणाऱ्या, वाहिनीचं अस्तर होऊ शकणाऱ्या पूर्वज पेशींबद्दल लिहिलं आणि सगळीकडे त्या वाढवायचा सपाटा सुरू झाला. रक्तातल्या पेशी फायब्रोनेक्टिन हे चिकटवणारं प्रथिन लावलेल्या बशीत ठेवायच्या, काही दिवसांनी अस्तराच्या पेशींच्या ओळखखुणा रंगवून बघायच्या. खुणा दिसायच्या! पुढे कळलं, त्यातल्या बऱ्याचशा पेशी मोनोसाइटच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, वंशातल्या. २००९ मध्ये तर त्या बशांत प्लेटलेटचे सूक्ष्म तुकडे सापडले. ते पेशींना चिकटले की त्या तुकड्यांच्याच खुणा पेशींवर दिसायच्या. स्वतः वाहिनी होणाऱ्या पेशींच्या वसाहती प्रौढ माणसाच्या रक्तातून दोन-तीन आठवड्यांनी उगवतात, त्याही थोड्याच. मोनोसाइट निरुपयोगी नाहीत, त्यांच्या स्रावांनी शेजारच्या वाहिन्या वाढतात. पण वीट वेगळी, गवंडी वेगळा. तुझ्या कुपीत कोण आहे, हे आधी ठरव.

आणि जिवंत किती आहेत, हेही. आमच्या पेशी उंदराच्या पायात काहीच करत नव्हत्या. गोठवलेली कुपी वितळली की ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून लगेच मोजायचो. निळ्या, म्हणजे मेलेल्या, अगदी मोजक्या. वहीतले आकडे छान दिसायचे. किती महिने यात गेले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. शेवटी त्याच पेशी रात्रभर बशीत ठेवून सकाळी पाहिल्या, तर निम्म्या मरून, सुटून तरंगत होत्या.

तुलनेचा गट कधीही गाळू नकोस. २०१५ मध्ये नेदरलँड्समधली, पायाच्या धमन्या तुंबलेल्या १६० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या पायाच्या धमनीत अस्थिमज्जेच्या पेशी सोडल्या, काहींच्या धमनीत नुसतं तसंच दिसणारं द्रव. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, पाय कापावे लागण्याचं प्रमाण मात्र पेशींमुळे घटलं नाही. दुसरा गट नसता, तर श्रेय पेशींनाच गेलं असतं.

पायाचं रक्त अडलेले हे रुग्ण रात्री पाय पलंगाखाली लोंबता ठेवून झोपायचा प्रयत्न करतात, कारण तसं केलं की रक्त थोडं खाली उतरतं आणि कळ जरा कमी होते. त्यांना आशा दाखवताना आपली मोजणी पक्की हवी.

पुढच्या पत्रात छायाचित्रं नकोत. एक कुपी वितळव, चोवीस तासांनी पेशी मोज आणि तो आकडा कळव.