जॉब प्लसला का चाललाय? : कारखान्यातल्या संख्याशास्त्राविषयी वाचकांचे प्रश्न

प्रॉडक्शन आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

दुसऱ्या वर्षी गणितात संभाव्यता झाली, तिसऱ्या वर्षी क्वालिटी कंट्रोल आलं. दोन्हींचा संबंध काही लागत नाही. सूत्रं पाठ केली की पेपर सुटतो. मग वेगळं काय करायचं? (सांगली)

संबंध आहे. वर्गात तो दाखवायचा राहून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 25 मिमी व्यासाचा शाफ्ट घ्या, टॉलरन्स, म्हणजे ड्रॉइंगनुसार चालणारा फरक, अधिक-उणे 0.05. लेथवरून दर तासाला सलग पाच जॉब, म्हणजे तयार झालेले नग, उचलून मोजायचे, असे 20-25 गट झाले. समजा एकूण सरासरी 25.010 आली आणि गटांतल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांतल्या फरकाची, म्हणजे रेंजची, सरासरी 0.030. पुस्तक सांगतं, प्रत्येक गटाची सरासरी कंट्रोल चार्टवर बिंदू म्हणून मांडा, 0.030 ला 0.577 ने गुणा आणि एकूण सरासरीच्या वर-खाली तेवढ्या अंतरावर रेघा मारा: 25.027 आणि 24.993.

हा 0.577 आला कुठून, हे एकदा स्वतः कागदावर काढा. पाचच्या गटासाठी सरासरी रेंजला 2.326 ने भागलं की प्रमाण विचलनाचा, म्हणजे मापं किती पसरली आहेत याचा, अंदाज मिळतो. सरासरीचं विचलन त्याहून √5 पटीनं कमी, आणि मर्यादा तीन विचलनांवर. 3 भागिले (2.326 × 2.236) म्हणजे 0.577. दुसऱ्या वर्षाचं गणित ते हेच. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसताना बिंदू या रेघांबाहेर पडण्याची शक्यता 10,000 मध्ये सुमारे 27, म्हणजे साधारण 370 बिंदूंत एक. म्हणून बिंदू बाहेर गेला की उठून मशीनपाशी जायचं. कंट्रोल चार्टचे जनक वॉल्टर शुहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी आपल्या वरिष्ठांना जे टिपण पाठवलं, त्यात हाच विचार होता.

मी भोसरीत ट्रेनी आहे. आमच्याकडे सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगच्या मर्यादा लाल रेघेनं काढल्या आहेत. सगळे बिंदू आत असतात, तरी ग्राहकाकडून माल परत येतो.

त्या लाल रेघा आजच पुसायला सांगा. ड्रॉइंगची मर्यादा एकेका जॉबसाठी असते आणि चार्टवर पाचांची सरासरी असते. 25.07, 25.01, 24.99, 25.00, 24.98 हा गट पाहा. पहिला जॉब सरळ रिजेक्ट, पण सरासरी 25.01. चार्टवर सगळं आलबेल.

वरच्याच शाफ्टचा हिशेब पुढे नेऊ. विचलन 0.030 भागिले 2.326, म्हणजे 0.0129. एकूण टॉलरन्स 0.10, त्याला सहा विचलनांनी भागलं की सीपी, म्हणजे टॉलरन्सच्या मानानं मशीनची क्षमता, 1.29. मशीनची ताकद ठीक आहे. पण सरासरी 25.00 ऐवजी 25.01 वर बसली आहे. वरच्या मर्यादेपर्यंत अंतर उरलं 0.04, ते तीन विचलनांनी भागलं की सीपीके, म्हणजे सरासरी सरकलेली धरून तीच क्षमता, 1.03. ऑपरेटर ‘साईज प्लसला चाललीय’ म्हणतो ती हीच गोष्ट. इथे नवं मशीन नको, व्यासावर 0.01 चा टूल ऑफसेट द्यायचा, म्हणजे हत्यार तेवढं सरकवायचं, बस. मात्र मापं घेतलेला मायक्रोमीटर आधी तपासा. मोजमापातच फरक येत असेल तर या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही, आणि अभ्यासक्रमात हा भाग शेवटी ढकललेला असतो.

येणाऱ्या मालातले 10 टक्के नग तपासायचे, एक जरी खराब निघाला तर लॉट, म्हणजे एका वेळी आलेला सगळा माल, परत, असा आमचा नियम आहे. चांगला आहे ना?

दिसायला न्याय्य, पण नाही. एक लहान आणि एक मोठा लॉट घ्या, दोन्हींमध्ये 2 टक्के खराब माल आहे असं धरा. 50 नगांचा लॉट, पाच तपासले: तो पास होण्याची शक्यता 90 टक्के. 1000 चा लॉट, 100 तपासले: शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास. माल तोच, निकाल उलटा. पुरवठादाराला हे कळलं की तो लहान लॉट पाठवू लागतो. नमुना किती मोठा आहे यावर सगळं अवलंबून असतं, तो लॉटच्या किती टक्के आहे यावर जवळजवळ काहीच नाही. भारतीय मानक आयएस 2500 मधले तक्ते बघा आणि प्रत्येक योजनेचा ओसी वक्र, म्हणजे किती टक्के माल खराब असताना लॉट पास होण्याची शक्यता किती हे दाखवणारा वक्र, हातानं काढून पाहा.

बी.ई. नंतर सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट (गुणवत्ता सुधारणेचं प्रमाणपत्र) करू की एम.टेक.? आणि सॉफ्टवेअर कोणतं शिकू?

सॉफ्टवेअरचं आधी सांगतो: एक्सेलमध्ये स्वतः सूत्रं लिहून चार्ट काढा, मग आर (R) हे सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. कंपनीत मिनिटॅब असेल तर ते आठवड्यात जमतं.

बेल्टला माझा विरोध नाही, पण प्रत्यक्ष प्रोजेक्टशिवायचा बेल्ट घेऊ नका. या विषयात खोल जायचं असेल तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा क्वालिटी, रिलायबिलिटी अँड ऑपरेशन्स रिसर्चमधला एम.टेक. आहे, अभियांत्रिकी पदवीधरांनाही तिथं प्रवेश असतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1931 मध्ये उभारलेली ही संस्था. खुद्द शुहार्ट 1947-48 मध्ये भारतात येऊन गेले होते. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च आहे. घरबसल्या सुरुवात करायची तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. प्रयोगशाळेला पैसे नाहीत. मुलांना हा विषय हाताला कसा लागेल?

एक नरसाळं, एक गोटी आणि एक मोठा कागद पुरे. कागदावर फुली मारा, नरसाळं बरोबर तिच्यावर धरा आणि गोटी 50 वेळा सोडा. प्रत्येक वेळी गोटी जिथं थांबेल तिथं खूण करा. मग नव्या कागदावर पुन्हा 50 वेळा, पण या वेळी गोटी जितकी चुकली तितकंच नरसाळं आधीच्या जागेवरून उलट दिशेला सरकवायचं. मुलं खात्रीनं सांगतील की आता नेम सुधारेल. प्रत्यक्षात पसारा वाढतो. गणितानं व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दुप्पट होतो, म्हणून प्रमाण विचलन 1.41 पट. दर जॉबनंतर ऑफसेट फिरवणारा ऑपरेटर नेमकं हेच करत असतो, आणि करतो तेही मन लावून, चांगल्या हेतूनं. त्याला रागावून उपयोग नाही, चार्ट दाखवावा लागतो.

दोन्ही कागद शेजारी शेजारी वर्गाच्या भिंतीवर लावा आणि सूत्रं शिकवायला घ्याल तेव्हाही तिथंच राहू द्या.