कोलॅबमध्ये ट्रेनिंग चालू असताना लॉग कसा बघायचा? टेन्सरबोर्ड रिकामा दिसतो, लाईट गेली की सगळं जातं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही निपाणीकडचे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. उसाच्या पानांचे फोटो बघून तांबेरा, मोझॅक की निरोगी हे सांगणारं मॉडेल कोलॅबवर (गूगलच्या दूरच्या मशीनवर ब्राउझरातून पायथन चालवायची सोय) शिकवताय. टेन्सरबोर्ड (ट्रेनिंगचे आलेख दाखवणारा प्रोग्राम) उघडला तर 'नो डॅशबोर्ड्स आर ॲक्टिव्ह' एवढंच येतं, ट्रेनिंग चालू असताना आलेख दिसत नाही, आणि घरची लाईट गेली की सेलखालचे (सेल म्हणजे नोटबुकातला कोडचा एक चौकोन) आकडे परत मिळत नाहीत. ही तिन्ही दुखणी एकाच ठिकाणची आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा.

मी बेळगावात असतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी कास्टिंगच्या फोटोंवरून ब्लोहोल (धातूत अडकलेल्या वायूची पोकळी) आणि भेगा शोधणारं मॉडेल बनवतो. फाउंड्रीत भट्टीतून एकदा ओतलेल्या धातूला 'हीट' म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. त्या हीटमध्ये कार्बन किती, सिलिकॉन किती, ओतताना तापमान किती, हे त्या नंबरापुढे रजिस्टरात लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी एखादा तुकडा चिरला तर त्याच्यावरचा नंबर बघून रजिस्टर उघडतात. मॉडेलचा लॉग म्हणजे हेच रजिस्टर. सेलखाली पळणारे आकडे म्हणजे भट्टीसमोर उभं राहून कुणीतरी तोंडी सांगितलेलं तापमान. ऐकलं तर ऐकलं, नाहीतर गेलं.

हे मला नुकसान झाल्यावर कळलं. एका जुलैत, धुवांधार पावसात, साठ इपॉकचं (इपॉक म्हणजे ट्रेनिंगच्या सगळ्या फोटोंवरून एक फेरी) ट्रेनिंग लावून झोपलो. लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय तो आकडा, फक्त प्रिंट होत होता, फाइल कुठेच नव्हती. रात्री कधीतरी लाईट गेली, राउटर बंद पडला, सकाळी कोलॅब नवं मशीन घेऊन कोऱ्या पानासारखं समोर. झोपण्याआधी व्हॅलिडेशन लॉस (शिकवायला न वापरलेल्या फोटोंवरचा) फार चांगला उतरलेला पाहिला होता, पण तो कितव्या इपॉकला आणि कोणत्या लर्निंग रेटला (मॉडेल एका पावलात किती बदलायचं तो आकडा), हे सांगता येईना. तोच निकाल पुन्हा मिळवायला दहा दिवस गेले. तुमच्याकडे परीक्षेआधी तेवढे दिवस नसतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रिकाम्या टेन्सरबोर्डचं बघू. टेन्सरबोर्ड हा २०१५ साली टेन्सरफ्लो या गूगलच्या मॉडेल बनवायच्या लायब्ररीबरोबरच बाहेर आलेला एक छोटा सर्व्हर आहे. तो तुमच्या लॅपटॉपवर चालत नाही, दूरच्या त्याच मशीनवर चालतो जिथे मॉडेल शिकतंय. तो ६००६ या पोर्टवर बसतो आणि कोलॅब त्याची खिडकी तुमच्या नोटबुकात आणून दाखवतं. तुम्ही सांगितलेल्या फोल्डरातल्या इव्हेंट फाइली (ट्रेनिंगचे आकडे ज्यात साठतात त्या) वाचणं एवढंच त्याचं काम. मॉडेलशी त्याचा थेट संबंध नाही. 'डॅशबोर्ड नाही' याचा अर्थ 'त्या फोल्डरात मला वाचण्यासारखं काही सापडलं नाही' असा घ्या. आणि ते न सापडण्याची कारणं बहुतेक साधी असतात.

पहिलं कारण पत्ता. कॉलबॅकमध्ये (ट्रेनिंगच्या मध्येमध्ये आपोआप चालणारा कोड) नुसतं 'लॉग्स' लिहिलंय, मध्ये कुठेतरी %सीडी करून दुसऱ्या फोल्डरात गेलात, आणि टेन्सरबोर्ड मात्र जुन्याच ठिकाणी शोधतोय. म्हणून दोन्हीकडे पूर्ण पत्ता द्या: /कंटेंट/लॉग्स. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणात घाला. पत्ता पायथनच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल तर %टेन्सरबोर्ड --लॉगडिर याच्यापुढे ते नाव महिरपी कंसात लिहा. कंस विसरलात तर तो त्याच नावाचं फोल्डर शोधत बसतो.

दुसरं कारण वेळ. केरासचा (टेन्सरफ्लोबरोबर येणारी लायब्ररी) टेन्सरबोर्ड कॉलबॅक नेहमीच्या सेटिंगला इपॉक संपल्यावरच आकडे लिहितो. तुमचा एक इपॉक वीस मिनिटांचा असेल तर पहिली वीस मिनिटं आलेख रिकामा राहणारच. अपडेट_फ्रीक ला ५० दिलंत तर दर पन्नास बॅचनंतर (बॅच म्हणजे एका वेळी घेतलेला फोटोंचा गठ्ठा) नोंद होते. पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररीत समरीरायटर आकडे आधी साठवून ठेवतो आणि साधारण दोन मिनिटांनी फाइलीत टाकतो, तेव्हा इपॉकच्या शेवटी रायटर.फ्लश() लिहायची सवय लावा.

खरंच काही लिहिलं जातंय का, हे बघायला !एलएस -एलआर /कंटेंट/लॉग्स चालवा. इव्हेंट फाइल दिसते पण शंभराच्या आतबाहेर बाइटांचीच आहे, तर फक्त फाइलीचं डोकं (हेडर) लिहिलंय, आकडे अजून आले नाहीत. फाइल मोठी आहे आणि तरी खिडकी पांढरी किंवा ४०३ असा आकडा येतोय, तर लॉग ठीक आहे, ब्राउझर अडवतोय. ती खिडकी वेगळ्या पत्त्यावरून येते, म्हणून थर्ड पार्टी कुकीज बंद असतील किंवा जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर ती उघडत नाही. कोलॅबपुरती सूट द्या, काम होतं.

आता 'ट्रेनिंग चालू असताना दिसत नाही' याबद्दल. नोटबुकात एका वेळी एकच सेल चालतो. ट्रेनिंगचा सेल चालू असताना तुम्ही खालचा टेन्सरबोर्डचा सेल दाबला तर तो रांगेत उभा राहतो आणि ट्रेनिंग संपल्यावरच उघडतो. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी %लोड_एक्स्ट टेन्सरबोर्ड, मग %टेन्सरबोर्ड --लॉगडिर /कंटेंट/लॉग्स, आणि रिकामी का असेना पण ती खिडकी उघडली की त्याखालच्या सेलमध्ये ट्रेनिंग. मग खिडकीतलं गोल बाणाचं बटण दाबलं की नवे आकडे येतात. सेटिंगमध्ये 'रीलोड डेटा' चालू केलं की ते आपोआप येत राहतात. दुसऱ्यांदा सेल चालवल्यावर 'रीयूझिंग टेन्सरबोर्ड' असं आलं तर घाबरू नका, जुनाच सर्व्हर पुन्हा दाखवतोय.

तिसरं दुखणं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या घरची लाईट गेली म्हणून दूरचं मशीन त्या क्षणी बंद पडत नाही. पण मोफत कोलॅबमध्ये ते किती वेळ तुमची वाट बघेल याची हमी नाही, आणि जास्तीत जास्त मर्यादा १२ तासांची. मशीन परत गेलं की /कंटेंटमधलं सगळं त्याच्याबरोबर जातं. म्हणजे लॉग त्या मशीनबाहेर गेलाच पाहिजे. बहुतेकजण गूगल ड्राइव्ह जोडून थेट तिथेच लॉग लिहायला लावतात. मीही तेच करायचो. पण ड्राइव्ह ही नेटवरून जोडलेली जागा आहे. तिथे सारखं थोडं थोडं लिहिलं की वेग मंदावतो आणि फाइल तिकडे पोचायला उशीर होतो. आता मी लॉग /कंटेंटमध्येच लिहितो आणि प्रत्येक इपॉकच्या शेवटी सगळं फोल्डर ड्राइव्हवर कॉपी करतो. केरासच्या लॅम्डाकॉलबॅकमध्ये ऑन_इपॉक_एंड ला शटिल.कॉपीट्री द्यायचं, आणि डर्स_एक्झिस्ट_ओके ट्रू करायचं, नाहीतर दुसऱ्या इपॉकला 'फोल्डर आधीच आहे' म्हणून अडकेल. लाईट गेली तर फार तर एका इपॉकचे आकडे जातील.

याच्या जोडीला सीएसव्हीलॉगर लावाच, अपेंड ट्रू करून आणि त्याची फाइल त्याच लॉग्स फोल्डरात ठेवून. ही साधी आकड्यांची वही आहे, एका ओळीत एक इपॉक. मोबाइलवर ड्राइव्हमध्ये उघडते, टेन्सरबोर्ड नसला तरी वाचता येते. मी पहिल्यांदा तीच बघतो. मॉडेलचे वेट्सही (शिकून तयार झालेले आकडे) मॉडेलचेकपॉइंटने तसेच बाहेर काढा. लॉग उरला आणि मॉडेल गेलं तर हळहळ दुप्पट.

कोलॅबसारखीच नोटबुकं चालवू देणारं कॅगल वापरून पाहिलंत का? तिथे फोन नंबर पडताळला की जीपीयू (ट्रेनिंग वेगाने करणारी चिप) मिळतो, आठवड्याला साधारण ३० तास. 'सेव्ह अँड रन ऑल' केलं की नोटबुक मागे आपोआप चालतं, तुमचा ब्राउझर बंद असला तरी. /कॅगल/वर्किंगमध्ये लिहिलेलं त्या व्हर्जनबरोबर जपून राहतं आणि प्रिंट झालेल्या ओळी त्याच व्हर्जनच्या लॉग्स विभागात मिळतात. वारंवार लाईट जाणाऱ्या गावासाठी रात्रीचं मोठं ट्रेनिंग इथे लावणं मला जास्त खात्रीचं वाटतं. छोटे प्रयोग कोलॅबवर, लांबचं काम कॅगलवर, असं मी करतो.

फोल्डरची नावं. ही हीट नंबराची गोष्ट आहे आणि इथे आळस करू नका. प्रत्येक रनला (ट्रेनिंगच्या एका खेपेला) वेगळं फोल्डर हवं, नाहीतर दोन रनच्या रेषा एकमेकींत घुसतात आणि आलेख मागेपुढे धावत सुटतो. नावात तारीख, वेळ, लर्निंग रेट आणि मॉडेलचं नाव घाला. एक लक्षात ठेवा: कोलॅबचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. संध्याकाळी ६.४० ला सुरू केलेल्या रनचं नाव १३१० असं पडतं, आणि मग वहीतली वेळ आणि फोल्डरची वेळ जुळत नाही. लॉगडिरला नेहमी वरचं मोठं फोल्डर द्या. टेन्सरबोर्ड आतले सगळे रन स्वतः शोधतो आणि एकमेकांवर ठेवून दाखवतो. तुलना तिथेच होते.

थोडं सेलखालच्या ओळींबद्दल. प्रगतीची पट्टी सारखी फिरत राहिली की नोटबुक जड होतं आणि मोबाइल डेटावर ते जाणवतं; फिटमध्ये व्हर्बोज २ केलं की इपॉकला एकच ओळ येते. ओळी फार झाल्या तर कोलॅब शेवटच्या ५००० ठेवून बाकीच्या टाकून देतं, तेव्हा सुरुवातीचे आकडे तिथे शोधू नका. लॉगिंग.इन्फो लिहूनही काही दिसत नसेल तर कारण हे की कोलॅबने आधीच स्वतःचा हँडलर (ओळी कुठे पाठवायच्या ते बघणारा भाग) बसवलेला असतो, म्हणून तुमचं बेसिककॉन्फिग मुकाट्याने दुर्लक्षिलं जातं. त्यात लेव्हल इन्फो आणि फोर्स ट्रू द्या. ट्रेनिंग वेगळ्या स्क्रिप्टमध्ये असेल तर !पायथन -यू लावून चालवा, म्हणजे ओळी अडून राहत नाहीत, आणि पुढे टी (tee) ही कमांड जोडून त्या फाइलीतही पाठवा.

तुमच्या विषयाला धरून एक सांगतो. तुमच्याकडे काही शेतकरी रोगाचं नाव मराठीत सांगतील, चिकोडीकडचे कन्नडमध्ये. वर्गांची नावं त्या त्या लिपीत ठेवायचा मोह होईल. मॅटप्लॉटलिबने काढलेलं कन्फ्युजन मॅट्रिक्स (मॉडेलने कोणता रोग कोणता समजला त्याचा तक्ता) टेन्सरबोर्डमध्ये टाकलंत तर नावांच्या जागी चौकोन येतात, कारण त्याच्या नेहमीच्या फाँटमध्ये ना देवनागरी आहे ना कन्नड. फाँट बदलला तरी जोडाक्षरं नीट जुळतीलच असं नाही. आत इंग्रजी नावं ठेवा आणि शेतकऱ्याला दाखवायच्या पडद्यावर त्याची भाषा आणा.

आणि आलेख दिसायला लागला की तो वाचायचा कसा? आधी स्मूदिंगची (रेषा गुळगुळीत करणारी) पट्टी शून्यावर आणा. ती सुरुवातीला ०.६ वर असते आणि रेषा आहे त्यापेक्षा शहाणी दाखवते. ट्रेनिंगचा लॉस उतरतोय आणि व्हॅलिडेशनचा वर चढायला लागला, तर मॉडेल पाठांतर करतंय. तो चढ जिथे सुरू होतो त्याच्या आधीचे वेट्स घ्या. पण दोन्ही रेषा सुंदर, हातात हात घालून उतरल्या तर मला जास्त काळजी वाटते. आमच्याकडे असं झालं होतं: एकाच कास्टिंगचे चार बाजूंनी काढलेले फोटो ट्रेनिंगमध्येही होते आणि व्हॅलिडेशनमध्येही. मॉडेल दोष ओळखतच नव्हतं, तो तुकडा ओळखत होतं. तुमच्याकडे एका प्लॉटमधल्या पानांचे फोटो दोन्हीकडे विखुरले असतील तर तेच होईल: तोच प्रकाश, तीच माती, तोच मोबाइल. फोटो प्लॉटनुसार वेगळे करा, एक आख्खा प्लॉट व्हॅलिडेशनसाठी बाजूला ठेवा. आलेख आधीपेक्षा वाईट दिसेल. सरांना तोच दाखवा.

सरांना दाखवण्यावरून आठवलं. जुन्या व्हिडिओंमध्ये टेन्सरबोर्ड डॉट देव वर लॉग चढवून लिंक द्यायला सांगतात. ती सेवा १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. लॉगचं फोल्डर झिप करून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि तिथे टेन्सरबोर्ड चालवा, नेटशिवायही उघडतो.

आज एवढंच करा: पन्नास फोटो आणि दोन इपॉक घेऊन एक छोटा रन लावा. पहिला इपॉक झाला की लॅपटॉपचं नेट मुद्दाम तोडा आणि मोबाइलवर ड्राइव्ह उघडून सीएसव्हीत पहिली ओळ आली आहे का बघा. आली असेल तर रात्री पूर्ण ट्रेनिंग लावा. नसेल तर इथेच खाली कॉपीची ओळ लिहा, मी बघतो.