संच बदलण्याआधी महिनाभर थांबा

पत्र : मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. मुलगी वर्षभर शाळेत गेली, आता आम्ही तिला घरीच शिकवतो. मी घरून अर्धवेळ काम करते, नवऱ्याच्या पाळ्या बदलत असतात. तयार अभ्यासक्रमाचा एक संच घेतला. रोज चार तास, सहा विषय. तीन आठवड्यांतच मुलगी वही पाहिली की रडायला लागते. दुसरा संच घ्यावा का? आणि सासूबाई रोज विचारतात, पुढे हिच्या करिअरचं काय?

उत्तर : नमस्कार. संच बदलू नका आणि नवा घेऊही नका. महिनाभर आहे तो कपाटात ठेवा. शाळेतून घरी आलेल्या मुलाला मधला मोकळा काळ लागतो. शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना द्यावा, असा ठोकताळा घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये रूढ आहे. तुमच्या मुलीला तो महिना मिळालाच नाही. शाळा सुटली आणि लगेच घरी शाळा भरली.

सहा वर्षांच्या मुलीसाठी चार तास फारच झाले. शाळेच्या वेळात हजेरी असते, रांगा असतात, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत थांबणं असतं. समोर एकच मूल असेल तर नेमून दिलेला अभ्यास तासाभरात, फार तर दीड तासात होतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ. या वयासाठी त्या वीस मिनिटांपेक्षा लांब धडा ठेवत नसत, आणि सहा वर्षं पूर्ण होण्याआधी नेमून धडे देतच नसत. त्यांची एक पद्धत तुम्ही उद्यापासून वापरू शकता : गोष्ट एकदाच वाचायची आणि मुलीला ती तिच्या शब्दांत सांगायला लावायची. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. ती सांगेल ते तुम्ही लिहून घ्या.

तुम्ही लिहून घ्या, हे मुद्दाम म्हणतोय. ती नेमकी कशाला रडते हे मला पत्रातून कळत नाही, पण तुम्हाला शोधता येईल. वहीतला प्रश्न तोंडी विचारा. पटकन उत्तर आलं तर विषय तिला येतोय, हात दमतोय. या वयात डोकं हाताच्या बरंच पुढे असतं. मग लिहिणं वेगळं, पाच मिनिटांचं ठेवा. तोंडीही अडखळत असेल तर पातळी चुकली आहे. मुखपृष्ठावरची इयत्ता बाजूला ठेवा आणि तिला जिथपासून खरंच येतं तिथून सुरू करा. अक्षरं ओळखताना सतत गोंधळ होत असेल, तर डोळे आणि कान मात्र तपासून घ्या.

आता अभ्यासक्रमाचं. नावांच्या गर्दीत पालक हरवतात. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ नावाची आपली पहिली बालशाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत मूल साधनं हाताळत शिकतं, पण ती साधनं मांडायला जागा आणि मुलाकडे नुसतं पाहत राहण्याचा धीर लागतो. स्टुटगार्टमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ पद्धतीत गोष्टी, चित्रं, हस्तकाम जास्त आणि वाचन सावकाश. शेजारचं मूल वाचायला लागलं की तुम्ही अस्वस्थ होणार असाल तर ती तुम्हाला झेपणार नाही. घरी शिकण्याचा पुरस्कार करणारे अमेरिकन लेखक जॉन होल्ट तर मुलाच्या कुतूहलामागेच जा म्हणतात, त्यासाठी पालक दिवसभर हाताशी हवा. तुमच्या बदलत्या पाळ्यांच्या घरात यातलं कुठलंही संपूर्ण उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवणाऱ्याला जो अभ्यासक्रम रोज निभावता येत नाही, तो कितीही उत्तम असला तरी त्या घरासाठी नाही.

क्रमाने शिकवावे लागतात असे दोनच विषय : वाचन आणि गणित. वाचनासाठी अक्षर आणि आवाज यांची जोडी पायरीपायरीने पक्की करणारं एक पुस्तक निवडा. गणिताच्या पुस्तकांचे दोन घाट असतात. काही पुस्तकं एक भाग पूर्ण मुरवून मगच पुढे जातात, काही थोडंथोडं करून पुन्हा पुन्हा मागे येतात. तेच तेच करून कंटाळणारीला पहिला घाट बरा, शिकलेलं चटकन विसरणारीला दुसरा. विकत घेण्याआधी नमुन्याची पानं मिळवून आठवडाभर करून पाहा. बाकीचं, म्हणजे विज्ञान, भूगोल, गोष्टी, दोन्ही मुलांना एकत्र द्या. धाकटा ऐकता ऐकता जितकं उचलेल तितकं उचलू दे, त्याच्यासाठी वेगळा संच नको.

वेळापत्रकही घड्याळाला बांधू नका. न्याहारीनंतर गणित, झोपण्याआधी वाचन, असं ठरलेल्या कामांना जोडा. पाळी बदलली तरी क्रम टिकतो. झोपण्याआधीचं वाचन, ज्या आठवड्यात जमेल त्या आठवड्यात, वडिलांनी घ्यावं.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नका. माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं सल्ल्यासाठी येतात. त्यांच्यातला फरक पहिलीत किती वह्या भरल्या यावरून पडलेला मला कधी दिसला नाही. लांब मजकूर नेटाने वाचता येतो का, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडता येतं का, न येणाऱ्या गणितापाशी दहा मिनिटं बसवतं का, यावरून पुढच्या वाटा उघडतात किंवा अडतात. आज वहीला घाबरलेली मुलगी ही तिन्ही कामं टाळायला शिकेल, आणि मला काळजी त्याची वाटते.

पण दारं उघडी ठेवा. घरी शिकवण्याचे नियम देशागणिक बदलतात : कुठे नुसती नोंदणी पुरते, कुठे वार्षिक तपासणी असते, आणि जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणं सक्तीचंच आहे. तुमच्या ठिकाणचा नियम शिक्षण खात्याकडून लेखी घ्या. पुढे शाळेत परत जायचं झालं किंवा बाहेरून परीक्षा द्यायची झाली तर काय लागेल, तेही त्याच वेळी विचारा. दर महिन्याला तिच्या कामाचे तीन-चार नमुने तारीख घालून एका फाइलमध्ये लावा. ही फाइल सासूबाईंनाही दाखवा. शक्य असेल तर ती सांगते ती गोष्ट कधीमधी त्यांनीच लिहून घ्यावी.

महिन्यानंतर संच कपाटातून काढा, त्यातलं गणित आणि वाचन तेवढं वेगळं करा आणि तिच्या पातळीशी जुळतं का पाहा. जुळलं नाही तर मला लिहा. ती तोंडी काय काय सांगू शकते, तेही सोबत कळवा, म्हणजे पुढचं पुस्तक आपण मिळून ठरवू.