३, २४, ३३ की ८६ टक्के? घरातलं इंटरनेट मोजणाऱ्या सरकारी पाहण्या कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. पुण्यातल्या जनता वसाहत या वस्तीतल्या तुमच्या अभ्यासिकेसाठी देणगीदारांना पत्र लिहायचंय. आठवी ते दहावीच्या मुलांकडे घरी कॉम्प्युटर नसतो, हे त्यात आकड्यानिशी दाखवायचंय. शोधायला बसलात तर एकीकडे देशातल्या २४ टक्के घरांत इंटरनेट, दुसरीकडे ८६ टक्के, तिसरीकडे ३३ टक्के आणि जनगणनेत तर ३ टक्के. मग यातला खरा आकडा कुठला? त्यावर एकाने लिहिलंय की सगळे सरकारी आकडे ऑफिसात बसून भरलेले असतात.

आधी त्या शेऱ्याबद्दल. पुणे शहरात आणि जिल्ह्यात मी अनेक वर्षं कौटुंबिक पाहण्यांचं क्षेत्रकाम केलंय. गल्लीचा नकाशा काढून, घरांची यादी करून, त्यातून नियमाने निवडलेल्याच दारावर पुन्हा पुन्हा जाणारी माणसं मी जवळून पाहिलीत. त्यांच्या कामात उणिवा राहतात, त्या पुढे सांगतो. पण आकडे जुळत नाहीत म्हणजे ते खोटे आहेत, हा निष्कर्ष चुकीचा आहे. तुम्ही दिलेले चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण चार ठिकाणी चार वेगळे प्रश्न विचारलेत. म्हणून टक्का उचलण्याआधी त्या पाहणीची प्रश्नावली उघडा. ती अहवालाच्या शेवटी जोडलेली असते.

३ टक्केवाला आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे, नेमका ३.१. ही जनगणनेच्या पहिल्या टप्प्यातल्या घरयादीतली माहिती, म्हणजे प्रत्यक्षात २०१० मध्ये गोळा केलेली. त्या रकान्यात विचारलं होतं की घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का, आणि असल्यास तो इंटरनेटसह आहे की इंटरनेटशिवाय. कॉम्प्युटर असलेली घरं ९.५ टक्के निघाली आणि इंटरनेटसह कॉम्प्युटर असलेली ३.१. मोबाइलवरच्या इंटरनेटला या रकान्यात जागाच नव्हती. त्यामुळे हा आकडा नंतरच्या कुठल्याही आकड्यासमोर ठेवून 'इतक्या पटींनी वाढ' असं लिहू नका, वर्तमानपत्रं लिहितात तरीही.

२४ टक्के हा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (केंद्र सरकारची, निवडक घरांना विचारून होणारी पाहणी) ७५ व्या फेरीचा. जुलै २०१७ ते जून २०१८, विषय शिक्षणावरचा खर्च, देशभरातली १,१३,७५७ घरं. इथे इंटरनेट कुठल्याही साधनावर चालत असलं तरी धरलं, मोबाइलवरचंसुद्धा. ग्रामीण भागात साधारण १५ टक्के घरं, शहरी भागात ४२. पण तुमच्या कामाचा रकाना त्याच्या शेजारचा आहे: घरात कॉम्प्युटर आहे का? ग्रामीण ४ टक्के, शहरी २३, एकूण १०.७. डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट हे सगळं कॉम्प्युटरमध्ये धरलं होतं आणि स्मार्टफोन मात्र मुद्दाम बाहेर ठेवला होता. ही रेघ कुठे ओढली त्यावर सगळं ठरतं. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१३ च्या पाहणीत ८३.८ टक्के घरांत कॉम्प्युटर असल्याचं सांगितलं, पण त्यांनी हातातला स्मार्टफोनही कॉम्प्युटरमध्येच धरला होता. आपल्या १०.७ शेजारी तो आकडा ठेवला तर वाचणाऱ्याची शुद्ध फसवणूक होते.

८६ टक्के हा जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये झालेल्या दूरसंचारविषयक पाहणीचा, त्याच राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ८० व्या फेरीतला. नमुना ३४,९५० घरांचा. घरात इंटरनेट ८६.३ टक्के आणि किमान एक स्मार्टफोन ८५.५ टक्के. दोन्ही आकडे किती चिकटून आहेत ते पाहा. बहुतेक घरांत इंटरनेट म्हणजे फोनच. सात वर्षांत २४ वरून ८६ ही वाढ मोठी आहे आणि खरीही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांनी कधी विचार केला नव्हता अशा घरांनी कर्ज काढून फोन घेतले. मात्र या ८६ टक्क्यांवरून घरात लॅपटॉप आहे का, हे कळत नाही. देणगीदाराने "आता तर सगळ्यांकडे इंटरनेट आहे" असं म्हटलं, तर त्याच्या मनात हा आकडा आहे असं समजा आणि त्याला हेच सांगा.

३३ टक्के तर घरांचा आकडाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरलंय का. 'हो' म्हणणाऱ्या ३३.३ टक्के. पुरुषांत ५७.१. महाराष्ट्रात बायका ३८ टक्के, पुरुष ६१.५. 'कधी तरी' म्हणजे आयुष्यात एकदाही चालतं, तरी बायकांचा आकडा इतका खाली आहे.

याखेरीज ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे आकडे दर तिमाहीला येतात. ते जोडण्यांचे असतात, माणसांचे नसतात. एकाच्या खिशात दोन सिम असली की दोन धरली जातात. शिवाय त्यांचं 'महाराष्ट्र' हे दूरसंचार मंडळ (सर्कल) गोव्यासकट आणि मुंबई वगळून आहे. तुमच्या पत्रासाठी ते बाजूला ठेवा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लांब लिहायला बसलो. 'घरात आहे' आणि 'मुलाला वापरायला मिळतं' यात फार मोठं अंतर आहे, आणि कुटुंब हे एकक धरणाऱ्या पाहणीत ते अंतर दिसतच नाही. वस्तीतलं एक साधं घर घ्या. वडील रिक्षा चालवतात, स्मार्टफोन त्यांच्याकडे, कारण भाडी त्यावरच येतात. आई चार घरची कामं करते, तिच्याकडे साधा बटणांचा फोन. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. पाहणीच्या व्याख्येने हे इंटरनेट असलेलं घर. रात्री साडेनऊला वडील जेवायला बसतात तेव्हा तो फोन अर्धा तास सुटतो आणि बहुतेकदा तो आधी मुलाच्या हातात जातो. नववीतल्या मुलीचा स्वाध्याय त्यानंतर. ८६ टक्क्यांत हे घर 'आहे' म्हणून बसलंय आणि त्यात काही खोटं नाही.

याला आकड्याचा आधारही आहे, सरकारी नसला तरी भरवशाचा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. ती पाहणी फोनवरून झाली होती आणि फक्त ग्रामीण भागाची होती, हे पत्रात आवर्जून लिहा.

सरकारी पाहण्या व्यक्तीबद्दलही विचारतात. ७५ व्या फेरीत ५ वर्षांवरच्या प्रत्येकाबद्दल विचारलं होतं: कॉम्प्युटर चालवता येतो का (१६.५ टक्के), इंटरनेट वापरता येतं का (२०.१), गेल्या ३० दिवसांत वापरलं का (१७.६). २०२५ ची पाहणी १५ वर्षांवरच्यांची आणि 'गेल्या तीन महिन्यांत' अशी विचारते. वयही बदललं, मुदतही बदलली, तेव्हा या दोन पाहण्यांचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. त्यात आणखी एक अडचण असते. उत्तर बहुधा घरातला एकच माणूस सगळ्यांच्या वतीने देतो. सासऱ्यांना विचारलं की सुनेला इंटरनेट येतं का, तर ते सहज 'नाही' म्हणतात आणि ती आत स्वयंपाकघरात फोनवर बँकेचं काम करत असते. दुसऱ्या बाजूने, शेजारणी मला अनेकदा सांगायच्या, "आम्ही नाही बाई इंटरनेट वापरत, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब." म्हणून प्रश्न कामाच्या रूपात विचारावा लागतो: गेल्या तीन महिन्यांत व्हिडिओ पाहिला का, पैसे पाठवले का, फॉर्म भरला का. फॉर्मबद्दल विचारताना तो कोणी भरला हेही विचारा. महा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने भरून दिला असेल तर वापर त्याचा झाला.

पुण्यापुरत्या दोन अडचणी सांगायलाच हव्यात. नमुना पाहणीत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. वसतिगृहातला किंवा लॉजिंगमधला प्रत्येक जण मात्र एकट्याचं स्वतंत्र कुटुंब धरला जातो. सदाशिव, नारायण पेठेत कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहणारी, मेसमध्ये जेवणारी, अभ्यासिकेच्या वायफायवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आठवा. पेठेतल्या अशा ब्लॉकची (पाहणीसाठी पाडलेल्या शहराच्या तुकड्याची) निवड झाली की एकट्या माणसाची, फोन असलेली बरीच 'कुटुंबं' नमुन्यात येतात. दुसरी अडचण बाणेर, वाकड, खराडीकडच्या मोठ्या सोसायट्यांची. तिथे ओळखपत्र दाखवूनही गेटवरच अडवतात आणि मग त्याच गटातलं पर्यायी घर घ्यावं लागतं. वस्तीत मात्र लोक चटई टाकून बसवतात, पाणी देतात. ज्यांच्याकडे दोन लॅपटॉप आणि फायबरची लाइन आहे तेच दार उघडत नाहीत, तेव्हा नुकसान सगळ्यांच्या आकड्याचं होतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दारावर असा कर्मचारी आला तर कृपा करून त्याला वेळ द्या. त्या माहितीची गुप्तता २००८ च्या सांख्यिकी संकलनाच्या कायद्याने राखली जाते.

तुमच्या पत्राकडे येतो. देशाचा किंवा राज्याचा आकडा एका वाक्यात, वर्ष आणि व्याख्येसकट द्या आणि लगेच वस्तीतल्या स्वतःच्या छोट्या पाहणीकडे वळा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळी गोखले इन्स्टिट्यूटने अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. घरोघर जाऊन विचारायची परंपरा या गावात जुनी आहे. तुम्ही फक्त तुमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांची घरं घेऊ नका, ती मुलांना अभ्यासाला पाठवणारी, म्हणजे आधीच वेगळी झालेली घरं आहेत. गल्लीवार सगळ्या घरांची यादी करा आणि ठरावीक अंतराने, म्हणजे दर दहावं किंवा पंधरावं घर घ्या. शंभर घरं केलीत तर टक्का साधारण १० अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो, चारशे केलीत तर ५ अंकांनी. शंभर घरांवरून ४३.७ टक्के असं दशांशात लिहू नका, 'दहातल्या चारेक घरांत' पुरे.

दुपारी जाऊ नका. तेव्हा फोन आणि फोनवाला दोघंही बाहेर असतात. संध्याकाळी सातनंतर जा आणि मुलांबद्दलचा प्रश्न मुलांनाच विचारा, आईवडिलांसमोर पण त्यांच्याऐवजी नव्हे. घरात साधनं कोणती, त्यातलं प्रत्येक कोणाच्या ताब्यात असतं, काल त्या मुलाला किती वेळ मिळालं, कशासाठी मिळालं, या महिन्यात रिचार्ज संपून किती दिवस नेट बंद होतं, एवढं विचारा. 'काल' विचारा, 'रोज' विचारू नका. रोजचं विचारलं की लोक सांगायला बरं वाटेल तसं सांगतात. हिंजवडीतल्या कंपनीने मोठ्या भावाला दिलेला लॅपटॉप 'घरातला' धरायचा की नाही, हे पहिल्या दारावर जाण्याआधी ठरवा आणि शेवटच्या दारापर्यंत तेच पाळा. माझं मत विचाराल तर धरा, पण वेगळ्या रकान्यात, कारण मुलांना त्याला हात लावायची परवानगी नसते. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे का हेही विचारायला हरकत नाही, पण त्यावरून कॉम्प्युटर येतो असं गृहीत धरू नका. फाइल हलवता येते का, तक्त्यात बेरीज करता येते का, ईमेलला फाइल जोडता येते का, असं थेट विचारा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या कौशल्यांच्या यादीत हीच कामं आहेत आणि आपल्या नमुना पाहण्याही हल्ली असंच विचारतात.

शेवटी एक धोक्याची सूचना. ७५ व्या फेरीची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते, आणि कुणीतरी तुम्हाला सांगेल की त्यातून पुणे शहराचा टक्का काढा. काढू नका. त्या फेरीचा नमुना राज्यासाठी बेतलेला होता. त्यात पुणे जिल्हा सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरबरोबर एकाच विभागात येतो. शहरातली हाताला लागतील ती घरं इतकी थोडी असतात की त्यांच्यावर शहराचा टक्का उभा राहत नाही. जानेवारी २०२५ पासून नमुन्याच्या आखणीत जिल्हा हा मूळ घटक केलाय, त्यामुळे यापुढच्या फेऱ्यांत जिल्ह्याचा आकडा काढणं जास्त शक्य होईल. तोवर पत्रात 'महाराष्ट्र, शहरी भाग' हाच रकाना वापरा.